आईवरचा आळ आणि मेंदूचे चित्र

मूल दोन-अडीच वर्षांचे होते, तरी नावाने हाक मारली की वळून पाहत नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आईचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवते. खेळण्यातली मोटार चालवण्याऐवजी तिचे एक चाक तासभर फिरवत बसते. अब्बा कामावरून घरी आले काय आणि न आले काय, त्याला सारखेच. अशा घरात पहिले वर्ष "इसका बाप भी देर से बोला था" या एका वाक्यावर निघून जाते. मग नजर उतरवणे होते, तावीज होतो, एका आमिलाकडून दुसऱ्याकडे जाणे होते. एवढे करूनही मूल बोलत नाही तेव्हा सगळ्यांचे बोट आईकडे वळते. हिने मुलाच्या हातात मोबाईल दिला, ही नोकरीला जात होती, हिने गरोदरपणी पथ्य पाळले नाही, हिला मुलाशी बोलताच येत नाही.

आम्ही शाळेत शिकवणारी माणसे. ही मुले आमच्याकडे पहिलीच्या वर्गात येतात तेव्हा सहा वर्षांची झालेली असतात. त्यांच्याबरोबर आलेल्या आया आम्ही काही विचारण्याआधीच सफाई देऊ लागतात. वरची सगळी वाक्ये आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकली आहेत. म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे. या आळाबद्दल विज्ञानाने गेल्या काही दशकांत बरेच काही शोधले आहे, विशेषतः मेंदूच्या छायाचित्रणाने. ते आपल्या घरांपर्यंत पोहोचले पाहिजे.

हा आळ जुना आहे

आईला दोष देणारे फक्त आपल्याच मोहल्ल्यात आहेत असे नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले आपल्याच जगात असत, माणसांपेक्षा वस्तूंत रमत आणि रोजच्या क्रमात थोडा बदल झाला तरी बेचैन होत. 'ऑटिझम' हा शब्द बालकांच्या या वेगळेपणासाठी तेव्हापासून रूढ झाला. मराठीत आपण त्याला स्वमग्नता म्हणतो. ही मुले जन्मतःच अशी असावीत असे कॅनर यांनी त्या लेखात म्हटले होते, पण त्यांच्या आईवडिलांच्या कोरडेपणाकडेही त्यांनी बोट दाखवले. पुढे त्याच गोष्टीला जोर आला. फ्रिजसारख्या थंड आया, असा शब्दप्रयोगच रूढ झाला. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या पुस्तकातून हे मत घरोघरी पोहोचवले. मूल आईपासून दूर ठेवणे हाच उपचार, असे मानले जाऊ लागले.

याला पहिले मोठे आव्हान एका बापाने दिले. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ मध्येच पुस्तक लिहून हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा नाही, असे मांडले. विशेष म्हणजे त्या पुस्तकाची प्रस्तावना खुद्द कॅनर यांनी लिहिली. नंतर १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत असे एकदाही घडले नाही. दोन्ही प्रकारांत आई तीच, घर तेच, वागणूकही तीच. फरक फक्त जन्मजात गुणसूत्रांचा होता.

तरीही मेंदूत नेमके काय वेगळे असते, हे जिवंत मुलाच्या बाबतीत पाहता येत नव्हते. ते एमआरआय आल्यावर शक्य झाले.

झोपलेल्या बाळाच्या मेंदूत डोकावताना

एमआरआय यंत्रात क्ष-किरण नसतात. शरीरात सर्वत्र पाणी असते आणि पाण्यात हायड्रोजन. शक्तिशाली चुंबकाच्या मधोमध माणूस झोपवला आणि रेडिओलहरी सोडल्या, की हायड्रोजनचे कण परतीचा संदेश देतात. मेंदूच्या निरनिराळ्या भागांत पाणी निरनिराळ्या प्रकारे असल्याने त्या संदेशांतून चित्र तयार होते. या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच यंत्राच्या आणखी दोन पद्धती आहेत. एकीत रक्तातल्या प्राणवायूवरून मेंदूचे कोणते भाग एकत्र काम करतात ते दिसते. दुसरीत मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंची वाट दिसते.

अडचण अशी, की यंत्रात अजिबात न हलता पडून राहावे लागते आणि यंत्राचा आवाज फार मोठा असतो. सहा महिन्यांच्या बाळाला हे कसे सांगणार? अमेरिकेतल्या संशोधकांनी यावर घरगुती उपाय काढला. आईवडिलांनी बाळाला त्याच्या रोजच्या झोपेच्या वेळी आणायचे, पाजायचे, थोपटून झोपवायचे. मग कानांना आवाज लागू नये अशी सोय करून, दुपट्यात गुंडाळून त्याला अलगद यंत्रात ठेवायचे. गुंगीचे औषध द्यायचे नाही. जाग आली की यंत्र थांबवायचे आणि पुन्हा कधीतरी बोलवायचे.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील जोसेफ पायव्हन यांच्या नेतृत्वाखाली सिएटल, सेंट लुई, फिलाडेल्फिया आणि चॅपेल हिल येथील केंद्रांनी मिळून हे काम केले. ज्यांच्या मोठ्या भावाला किंवा बहिणीला स्वमग्नता आहे अशी बाळे त्यांनी निवडली, कारण अशा सुमारे पाच भावंडांपैकी एकाला स्वमग्नता असते. सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षे या वयांत प्रत्येकाचे चित्रण झाले. दोन वर्षांनंतर तज्ज्ञांनी तपासून कोण स्वमग्न आहे ते ठरवले आणि मग जुनी चित्रे पुन्हा काढून पाहिली.

पहिल्या वर्षात काय दिसले

बाळाचा मेंदू पहिल्या वर्षात आकारमानाने जवळजवळ दुप्पट होतो. पुढे कधीही त्याची वाढ इतकी वेगाने होत नाही. या काळात मेंदूच्या पेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात आणि नंतर वापरात नसलेल्या जोडण्या हळूहळू गळून पडतात. बागवान रोपाची छाटणी करतो, तसेच हे.

पायव्हन यांच्या गटाचा अहवाल २०१७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. त्यात भावंड स्वमग्न असलेली १०६ बाळे आणि तसे नसलेली ४२ बाळे होती. जी मुले पुढे स्वमग्न ठरली, त्यांच्या मेंदूच्या बाहेरच्या घडीदार थराचा पृष्ठभाग सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान इतरांपेक्षा वेगाने पसरला होता. दुसऱ्या वर्षात त्यांच्या मेंदूचे एकूण आकारमानही जास्त वाढले. लोकांत न मिसळण्याची लक्षणे ठळक होऊ लागली तीही याच दुसऱ्या वर्षात. म्हणजे घरच्यांना काही जाणवण्याच्या आधीच मेंदूची वाट वेगळी झालेली होती. याच प्रकल्पातील २०१२ च्या एका अभ्यासात मेंदूच्या भागांना जोडणारे तंतूही सहाव्या महिन्यापासून वेगळ्या रीतीने घडताना दिसले होते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये निधन पावलेल्या मुलांच्या मेंदूच्या ऊतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वसाधारण मुलांत बालपण सरेपर्यंत पेशींच्या जोडण्या सुमारे निम्म्याने कमी झाल्या होत्या. स्वमग्न मुलांत ही घट सुमारे १६ टक्केच होती. छाटणी कमी, जोडण्यांची गर्दी जास्त. पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, लग्नातला बँड यांचा या मुलांना इतका त्रास का होत असावा, याचा विचार करताना शास्त्रज्ञ अशा निष्कर्षांकडे पाहतात.

आता आईवरचा आळ पुन्हा आठवा. सहा महिन्यांच्या बाळाच्या मेंदूची घडण आईच्या नोकरीने, माहेरी राहण्याने किंवा कमी बोलण्याने बदललेली नसते. ज्या आईने आपल्या बाळाला थोपटून त्या यंत्रात झोपवले, तिच्या मायेत कमी होती असे कोण म्हणेल?

मग सगळ्या मुलांचे एमआरआय का करू नये?

हे वाचून कोणी उद्याच मुलाला घेऊन एमआरआय केंद्रात जाईल, म्हणून हा भाग नीट वाचावा.

वरील संशोधनात संगणकाने सहा आणि बारा महिन्यांच्या चित्रांवरून अंदाज बांधला. पुढे स्वमग्न ठरलेल्या मुलांपैकी ८८ टक्के त्याने ओळखली आणि स्वमग्न नसलेल्यांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर वगळले. ऐकायला हे फार चांगले वाटते. पण आपण शाळेतल्यासारखा हिशेब करून पाहू. कोणतीही दहा हजार बाळे घ्या आणि शंभरात एक स्वमग्न असे धरा. शंभर स्वमग्न मुलांपैकी ८८ ओळखली जातील. उरलेल्या ९,९०० पैकी पाच टक्के, म्हणजे ४९५ मुलांवर चुकीचा शिक्का बसेल. शिक्का बसलेली एकूण ५८३, त्यातली खरी फक्त ८८. भावंडांच्या छोट्या गटात जे उपयोगी ठरते, ते सरसकट सगळ्यांना लावता येत नाही ते असे.

दुसरे कारणही आहे. जगातल्या १७ केंद्रांनी आपली चित्रे एकत्र करून २०१२ मध्ये अकराशेहून अधिक व्यक्तींचा संग्रह अभ्यासकांना खुला केला. त्यात निम्म्याच्या आसपास व्यक्ती स्वमग्न होत्या. अशा मोठ्या संग्रहांतून एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. गटांची सरासरी काढली तर फरक सापडतो, पण एकेका माणसाचे चित्र पाहून हा स्वमग्न, हा नाही, असे सांगता येत नाही. स्वमग्नता एकच नाही, तिची अनेक रूपे आहेत.

म्हणून स्वमग्नतेचे निदान आजही मुलाला पाहून, त्याच्याशी खेळून आणि आईवडिलांना प्रश्न विचारूनच होते. फिट्स येत असतील किंवा मेंदूचा दुसरा काही आजार असल्याचा संशय असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात, तेव्हा तो जरूर करावा. एरवी नुसत्या खात्रीसाठी हजारो रुपये घालून, लहानग्याला गुंगीचे औषध देऊन चित्र काढण्याने काही हाती लागत नाही. अहवालात सगळे ठीक असे लिहून आले म्हणजे मूल स्वमग्न नाही, असाही अर्थ होत नाही. मेंदूची चित्रे दाखवून स्टेम सेलचा महागडा उपचार विकणाऱ्यांपासूनही सावध राहावे. स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. दागिने मोडून आणलेले पैसे मुलाच्या शिकवण्यावर खर्च व्हावेत.

मेंदू शिकतो, म्हणून थांबू नये

चित्रणाने आणखी एक गोष्ट पक्की केली. पहिल्या वर्षांत मेंदू वेगाने घडतो, म्हणजेच याच वयात शिकवण्याचा परिणामही जास्त होतो. अमेरिकेत जेराल्डिन डॉसन यांच्या गटाने १८ ते ३० महिन्यांच्या ४८ स्वमग्न मुलांचा अभ्यास केला. निम्म्या मुलांना दोन वर्षे खेळातून, रोजच्या व्यवहारातून विशेष शिक्षण दिले. त्यांची भाषा आणि समज इतरांपेक्षा जास्त सुधारली. नंतर डोक्याला तारा लावून मेंदूतले विद्युत संदेश मोजले. शिक्षण मिळालेल्या मुलांचा मेंदू माणसाचा चेहरा पाहून वस्तूपेक्षा जास्त प्रतिसाद देत होता, इतर मुलांचा देतो तसाच. शिकवण्याने मेंदूच्या कामात फरक पडला होता.

पण आपल्याकडे इतके तज्ज्ञ कुठून आणायचे? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारी गोव्यात मिळाले. गोवा आणि पाकिस्तानातले रावळपिंडी या दोन ठिकाणी मिळून एक प्रयोग झाला आणि २०१६ मध्ये त्याचा अहवाल आला. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांची कुटुंबे त्यात होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका निम्म्या कुटुंबांच्या घरी सहा महिन्यांत बारा वेळा गेल्या. आई मुलाशी खेळत असताना थोडा व्हिडिओ काढायचा आणि मग तो आईबरोबर बसून पाहायचा. मुलाने इथे तुमच्याकडे पाहिले बघा, इथे तुम्ही थोडे थांबला असता तर तो स्वतः काही मागणार होता, असे दाखवायचे. परिणाम असा झाला, की आई मुलाच्या कलाने वागू लागली आणि मूल आपणहून संवाद सुरू करू लागले. सगळ्याच बाबतींत सुधारणा झाली असे नाही, पण मुख्य गोष्ट साधली.

ज्या आईला सगळे अपराधी ठरवत होते, तीच या मुलाची सर्वात उपयोगी शिक्षिका ठरते. ती दिवसभर धास्तावलेली आणि अपमानित राहिली, तर हे काम कसे करील? तिला बोल लावणारा मुलाचेच नुकसान करतो.

तीन शंका

आमच्या शाळेतल्या पालकांकडून तीन प्रश्न हमखास येतात.

पहिला भाषेचा. घरात उर्दू, बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी, म्हणून मूल गोंधळले आणि बोलेनासे झाले का? नाही. दोन भाषांच्या घरांतली स्वमग्न मुले एका भाषेच्या घरांतल्या मुलांपेक्षा मागे पडत नाहीत, असे अभ्यासांत दिसले आहे. घरची भाषा मुळीच सोडू नका. आई ज्या भाषेत अंगाई म्हणते, तीच भाषा मुलाला सर्वात आधी समजते.

दुसरा मोबाईलचा. लहान मुलांना तासन्‌तास पडदा दाखवणे वाईटच, कारण तेवढा वेळ माणसांशी बोलण्यातून जातो. स्वमग्न मुलाला तर तो वेळ जास्तच हवा असतो. पण मोबाईल दिला म्हणून मूल स्वमग्न झाले, असे सिद्ध झालेले नाही. एमआरआयमधले वेगळेपण मूल मोबाईल हातात धरू लागण्याच्या आधीचे आहे.

तिसरा लसीचा. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये फक्त बारा मुलांवरून लिहिलेल्या एका लेखाने ही भीती पसरवली. 'लॅन्सेट' या नियतकालिकाने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला आणि त्या डॉक्टरचे नाव वैद्यकीय नोंदणीतून काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांवर झालेल्या २०१९ च्या अभ्यासात गोवरच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, आणि तंतूंचे वेगळेपण तर सहाव्या महिन्यातच दिसले आहे. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवरची साथ आली, मुले दगावली. लस चुकवण्याची किंमत ती असते.

केव्हा आणि कुठे जावे

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, टाटा किंवा हातवारे करत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर थांबू नका. येत असलेले शब्द कोणत्याही वयात बंद झाले तर तर अजिबातच नाही. आधी कानांची तपासणी करून घ्यावी, कारण ऐकू न येणारे मूलही असेच वागते. 'मुलगे उशिराच बोलतात' या समजुतीवर वर्ष घालवू नये. मुलींच्या बाबतीत तर जास्त लक्ष द्यावे. गप्प मुलगी शहाणी समजली जाते आणि तिची स्वमग्नता ध्यानातच येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत तपासणीला येते. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना सांगून मुलाचे नाव त्यांच्या नजरेस आणावे. पुढची तपासणी आणि उपचार यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. सरकारी रुग्णालयात भारतीय मापनश्रेणीच्या चाळीस मुद्द्यांवर मूल तपासून दिव्यांग प्रमाणपत्र मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता समाविष्ट आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. प्रमाणपत्र घेतले तर बदनामी होईल, बहिणींची लग्ने अडतील, या भीतीने कागद न करणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्या भीतीची किंमत मूल मोजते.

घरातही थोडे बदल लागतात. रमजानमध्ये जेवणाच्या, झोपेच्या वेळा बदलतात. ते अशा मुलाला आधीपासून चित्रे दाखवून सांगावे लागते. ईदच्या गर्दीत त्याला शांत बसायला एक कोपरा ठेवावा. मशिदीत एखादे मूल हात हलवत फेऱ्या मारू लागले, तर त्याच्या बापाकडे डोळे वटारून पाहू नये.

स्वमग्नता पूर्णपणे घालवणारे औषध नाही, आणि तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दुआ जरूर करावी. पण उंट आधी बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण आपल्याला आहे. अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांचा प्रसंग आपण सगळे जाणतो. त्यांच्या निमित्ताने सूरह अबसच्या आयती उतरल्या. पुढे ते मदीनेत अजान देत आणि पैगंबर मुहम्मद (स.) बाहेर जात तेव्हा मदीनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवून जात. ज्या समाजाला हा धडा मिळाला आहे, त्याने आपले वेगळे मूल घरात लपवून ठेवू नये.

२ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन आहे. तो पाळावा असा प्रस्ताव २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत कतारने मांडला होता. आपण तारखेची वाट पाहू नये. घरात, नात्यात, शेजारी असे एखादे मूल असेल तर त्याच्या आईला सांगा की ही तुझी चूक नाही, आणि केंद्रात तपासणीला तिच्यासोबत जा.